थोरल्या मास्तरांच्या मापाचं टेबल

मित्रांनो, मी टेलरिंगच्या दुकानातलं एक टेबल आहे. माझ्यावर कापड पसरतात, खडूने रेषा मारतात आणि मोठ्या कात्रीने बेततात. तुम्ही म्हणाल, टेबलाच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय घडणार? चार पाय, वर एक फळी, जन्मभर एका जागी उभं राहायचं. मलाही तसंच वाटलं होतं. पण या दुकानात पाऊल ठेवल्या ठेवल्या मला लोकांनी उलटं केलं आणि माझे पाय कापले.

हो, चारही.

सुताराने मला उंच घडवलं होतं. लाकूड जड, काळसर, आणि पाय माणसाच्या मनगटाहून जाड. प्रत्येक पायाच्या तळाशी त्याने दोन गोल खाचा कोरल्या होत्या. पैंजण घातल्यासारखे दिसायचे ते पाय. त्या खाचांचा काही उपयोग नव्हता, सुताराची हौस होती. मला मात्र त्यांचा फार अभिमान होता.

दुकानाचे मालक म्हणजे थोरले मास्तर. माणूस हाताने अतिशय कुशल, पण उंचीने अगदी बेताचा. ते माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा माझी कड त्यांच्या छातीला लागली. त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसली.

"आता कसं करायचं?" ती म्हणाली. "तुम्ही वाढणार की टेबल कमी होणार?"

"माझं वाढायचं वय गेलं," थोरले मास्तर म्हणाले. "टेबलालाच सांगून बघू."

त्यांनी हात कोपरात वाकवला. बायकोने टेपचं एक टोक त्यांच्या कोपराला लावलं आणि दुसरं जमिनीला. त्यातून त्यांनी थोडं कमी केलं, माझ्या पायांवर खडूने खुणा केल्या आणि मला तोंडघशी पाडलं. पुढे मी फक्त फरशी पाहिली, आणि फरशीच्या फटीत अडकलेली एक टाचणी. करवतीचा आवाज वरून येत होता. मला पुन्हा सरळ उभं केलं तेव्हा सगळं जग वर सरकलेलं होतं. माझ्या पैंजणांचं काय झालं ते मी पाहिलं नव्हतं, आणि टेबलाला कोणी काही सांगायच्या भानगडीत पडत नाही.

पुढची कितीतरी वर्षं मी त्या माणसावर मनातल्या मनात रुसून होतो. पण माणूस कामाला चोख होता, हे मान्य करायला हवं. त्यांचा एक नियम होता. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. एकदा एक बाई आपली जुळी मुलं घेऊन आली आणि म्हणाली, "एकाचंच घ्या हो, दोघं अगदी सारखे आहेत." थोरल्या मास्तरांनी दोघांची मापं वेगवेगळी घेतली. एकाचा उजवा खांदा जरा उतरता निघाला, कारण दोघांची दप्तरं तोच उचलायचा. ती बाई थक्क झाली. आपल्या पोटच्या पोरात तिला हे दिसलं नव्हतं.

कापड सरकू नये म्हणून माझ्यावर चार वजनं ठेवलेली असत. उरलेल्या जाड कापडाच्या खोळी थोरल्या मास्तरांच्या बायकोने त्यांच्यावर शिवून टाकल्या होत्या. वरून गुबगुबीत, आतून टणक. घरातले सगळे त्यांना पिल्लं म्हणायचे. "ए, दोन पिल्लं इकडे सरकव," "पिल्लू कुठे गेलं?" असं दिवसभर चालायचं. माझ्या पाठीवर ती पिल्लं वर्षानुवर्षं बसून होती.

थोरले मास्तर गेले आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आताचे मास्तर, माझ्यासमोर उभा राहिला. तो वडिलांपेक्षा बराच उंच. पहिल्याच दिवशी तो माझ्यावर वाकला, तो कायमचा वाकला. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हा मला मान देतोय. बापाचं टेबल म्हणून रोज नमस्कार करतोय. संध्याकाळी तो दोन्ही मुठी कमरेवर दाबून मागे झुकायचा आणि डोळे मिटायचा. तीही मला प्रार्थनाच वाटली.

एकदा दुकानातल्या एका कारागिराने सुचवलं, "मास्तर, टेबलाच्या पायाखाली विटा ठेवू का? वाकून वाकून जीव जातो."

मास्तर असे काही भडकले की कारागिराच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. "बाबांच्या टेबलाला विटा? बाबांनी ठरवलेली उंची आहे ती. अर्धा इंचही हलणार नाही!"

मी तेव्हा सुखावलो होतो, मित्रांनो. आपल्यासाठी कोणी भांडलं की कोणाला बरं वाटत नाही?

मग आली मास्तरांची मुलगी. तिला या घरात कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे शिडी म्हणतात. उंचीत आईकडच्या माणसांवर गेली म्हणे. दारातून आत येताना ती सवयीने मान खाली घालते. तिची आत्या, म्हणजे मास्तरांची बहीण, दुकानात काजं करते आणि बटणं लावते. आत्या थोरल्या मास्तरांच्या वळणाची, बुटकी. दोघींची दिवसभर जुंपलेली.

"शिडे, वरचा पंखा पूस गं. तुला स्टूल लागत नाही."

"पुसते. तू खाली पडलेल्या सुया वेच. तुला वाकावं लागत नाही."

शिडीच्या हातात आजोबांची कात्री आली आणि मी चकित झालो. पुष्कळ हात माझ्यावरून फिरले आहेत, पण असा हात थोरल्या मास्तरांनंतर मी पाहिला नव्हता. कोटाची पाठ ती एका दमात कापायची, मध्ये कात्री उचलायची नाही. मास्तर लांबून बघत राहायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. बेतायचं सगळं काम हळूहळू ते तिच्याकडे सोपवत होते.

पण तिची सावली माझ्यावर पडायची ती दुमडलेली. उंची कमी करायला ती पाय फाकवून उभी राहायची. मग गुडघे दुखले की पाय जवळ घ्यायची आणि कमरेतून आणखी वाकायची. तिचा श्वास थेट माझ्या फळीवर पडायचा. दिवस जसा पुढे सरकायचा तसा तिचा डावा तळवा माझ्यावर जास्त जास्त दाब द्यायचा. मी टेबल आहे, माझ्यावर किती वजन पडतंय हे मला नीट कळतं. दुपारनंतर ती कापड धरत नव्हती, स्वतःला धरत होती. याचा अर्थ काय, ते मात्र तेव्हा मला समजलं नाही.

मग ती सकाळ आली.

एका बाईंच्या लोकरीच्या कोटाची एक बाही झाली होती, दुसरी बेतायची होती. कापडाचे ताके माझ्या खाली, जमिनीलगतच्या फळीवर रचलेले असतात. शिडी वाकली, सर्वांत आतला ताका दोन्ही हातांनी ओढला आणि तशीच वाकलेल्या अवस्थेत, पाय न हलवता, वळली. ताका तिच्या हातातून सुटला. तिच्या तोंडून जो आवाज आला तसा मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिला सरळ होता येईना, खाली बसता येईना. माझी कड तिने दोन्ही हातांनी अशी आवळली की तिची नखं लाकडात रुतली.

"पप्पा," ती एवढंच म्हणाली, "मला हलता येत नाहीये."

मास्तर धावले. आत्याच्या मांडीवरची बटणांची डबी पालथी झाली. दोघांनी मिळून तिला उचललं आणि कुठे ठेवावं ते न सुचून माझ्यावरच आडवं केलं. जिथे ती कापड पसरायची तिथे ती स्वतः पडली होती. तिची पाठ माझ्या फळीला टेकली आणि मी हादरलो. तिच्या कमरेचे स्नायू माझ्या लाकडासारखे टणक झाले होते. माणसाचं अंग असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. ती थरथरत होती, आणि तिच्याबरोबर मीही.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या दुकानातले रेडीमेडवाले काका आले. त्यांनी दारातूनच निदान केलं.

"डिस्क सरकली. शंभर टक्के. माझ्या साडूचं अगदी असंच झालं होतं. आता झोपून राहायचं, अजिबात हलायचं नाही. आणि मास्तर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे उभ्याचं काम आता तिच्या नशिबात नाही."

मास्तरांचा चेहरा पांढऱ्या कापडासारखा झाला. इतक्या घाबरलेल्या माणसाला जे पहिलं सांगावं ते तो खरं मानतो. शिडीला घरी नेऊन झोपवलं. कमरेला रुंद पट्टा आला. पाणी हातात, जेवण हातात. आत्या दुकानात यायची ती मान हलवत. "कूस बदलायची म्हटली तरी रडते गं पोरगी," ती टाके घालता घालता स्वतःशीच म्हणायची. आठवडे गेले. तो लोकरीचा कोट अर्धवट लटकत राहिला, एका बाहीचा. माझ्यावर चार पिल्लं आणि धूळ.

एके दिवशी शिडी आली. मी आनंदलो, आणि लगेच माझा आनंद विरला. ती भिंत धरून चालत होती. पट्टा इतका घट्ट की श्वास वरच्या वर. कात्रीकडे तिने पाहिलं, पण हात लावला नाही. खुर्चीवर बसायलाही तिला आत्याचा खांदा लागला.

"पप्पा, मी कात्री सोडते," ती म्हणाली. "झोपून दुखतं, उठून दुखतं. माझी पाठच कच्ची आहे. तुम्ही काकांना हो म्हणून टाका."

काकांना हो म्हणजे काय ते मला पुढच्या दिवसांत कळलं. रेडीमेडवाल्या काकांना मधली भिंत पाडून आमची जागा हवी होती. मास्तरांना एकट्याने सगळं बेतणं झेपत नव्हतं, आणि मुलगी उभी राहणार नसेल तर दुकान कोणासाठी चालवायचं? काका पावलांनी जागा मोजायला आले. त्यांनी माझ्यावर टिचकी मारली.

"हे अवजड टेबल कोण बाहेर काढणार? इथेच तोडावं लागेल."

मित्रांनो, तोडण्याची भीती मला वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठा धक्का दुसरा होता. मास्तरांनी मान हलवून होकार दिला. बाबांच्या टेबलाला विटा लावू न देणारा माणूस, बाबांचं टेबल तोडायला तयार झाला. मुलीच्या दुखण्याने त्याला इतकं हरवलं होतं.

त्याच दिवशी लोकरीच्या कोटाची मालकीण आली. हातात छत्री, पायात सपाट बूट, चाल भरभर. मास्तर ओशाळून उभे राहिले.

"बाई, माफ करा, कोट राहिला. मुलगी आजारी आहे."

"काय झालं?" बाईंनी विचारलं, आणि खुर्चीवरून उठायच्या प्रयत्नात असलेल्या शिडीकडे त्यांचं लक्ष गेलं. कोट, मास्तर, सगळं विसरून त्या तिचं उठणं बघत राहिल्या. "मी फिजिओथेरपिस्ट आहे. चालेल का थोडं विचारलं तर?"

त्यांनी भराभर प्रश्न विचारले. कधीपासून दुखतं? पायात बधिरपणा आहे का? पायाची ताकद गेल्यासारखी वाटते का? लघवीवर, संडासवर ताबा आहे ना? मांड्यांच्या मधल्या भागात स्पर्श कळतो ना? ताप येतो का, वजन उतरलंय का, कुठे जोरात पडली होतीस का? शिडी संकोचत उत्तरं देत गेली. मग बाईंनी तिला टाचांवर आणि चवड्यांवर उभं करून पाहिलं, पाय दाबून पाहिले.

"यातलं एक जरी धोक्याचं लक्षण असतं तर तुला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात नेलं असतं," त्या म्हणाल्या. "नाहीये. मग झोपून राहायला कोणी सांगितलं?"

आत्याने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी दाराकडे. दारात रेडीमेडवाले काका उभे होते.

"डिस्क सरकलीये ना," काका म्हणाले, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. "माझ्या साडूच्या एमआरआयच्या फोटोत स्पष्ट दिसली होती."

"फोटो काढला तर काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांची डिस्क पुढे आलेली दिसते. उद्या तुमचीही दिसेल," बाई म्हणाल्या. काकांचा हात नकळत स्वतःच्या कमरेकडे गेला. "हिचं काही मोडलेलं नाही. स्नायू दुखावले, आखडले. पहिले एक-दोन दिवस पडून राहिलं तर ठीक. पण आठवडेच्या आठवडे? न हलल्याने पाठ आणखी अशक्त झाली, आणि दुखेल या भीतीने ही स्वतःला आवळून धरतेय. म्हणून बसतानाही दुखतंय."

शिडी त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे मी हलले तर काही तुटणार नाही?"

"नाही. थोडं दुखेल, पण दुखणं म्हणजे तुटणं नव्हे. रोज थोडं चालायचं, दमलीस की थांबायचं, परत चालायचं. शेकाने बरं वाटत असेल तर शेक घे. पट्टा हळूहळू सोड. जमेल ते काम सुरू कर. बाकीचे व्यायाम मी शिकवते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता मला दाखव, तू काम कशी करतेस?"

शिडी माझ्यासमोर आली आणि वाकली. अर्धीच वाकली, तेवढ्यात बाईंनी हात वर केला. "थांब, पुरे." त्या माझ्या कडेला आल्या, खाली पाहिलं, वर शिडीकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"मास्तर, माझ्या कोटाच्या बाहीत अर्ध्या इंचाचा फरक होता म्हणून तुम्ही मला पुन्हा पुन्हा बोलावलंत. मी म्हटलं असू द्या, तर तुम्ही ऐकायला तयार नव्हता. बरोबर?"

"म्हणजे काय, बाई! दुसऱ्याच्या मापाचं कापड अंगावर कसं घालायचं?"

"मग हे टेबल कोणाच्या मापाचं आहे?"

मी दचकलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"बाबांच्या," आत्या हळूच म्हणाली.

"मी आयुष्य काढलं याच्यावर," मास्तर घाईने म्हणाले. "मला नाही काही झालं."

"नाही झालं?" आत्या फिस्कन हसली. "दादा, रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसतोस आणि सांगतोस पोट बिघडलंय. पोट मागच्या बाजूला असतं का रे? वहिनी काय आंधळी आहे?"

"पप्पा?" शिडी म्हणाली. "तुम्हालाही?"

मास्तर खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती प्रार्थना नव्हती. कमरेवर मुठी, मागे झुकणं, मिटलेले डोळे, काहीच प्रार्थना नव्हतं. माझ्यासमोर एक माणूस वर्षानुवर्षं कळ सोसत उभा होता आणि मी त्याला नमस्कार समजत होतो! मला कोणी ढकललं नव्हतं, तरी माझा एक सांधा करकरला.

"मला नाही पटत," काका दारातून म्हणाले. "नुसतं वाकल्याने एवढं होतं? वाकायला काय वजन लागतं?"

बाईंनी माझ्यावरचं एक पिल्लू उचललं आणि आत्याच्या हातात दिलं. "हे छातीशी धरा. जड वाटतं का?"

"छे."

"आता हात समोर लांब करून धरा. धरून राहा, खाली आणायचा नाही."

आत्याने हात लांब केला. थोडा वेळ ऐटीत उभी राहिली. मग तिचा हात कापायला लागला, ओठ घट्ट झाले.

"वजन तेच आहे," बाई म्हणाल्या. "अंगापासून लांब गेलं, एवढंच. वाकल्यावर तुमचं डोकं, खांदे, हात सगळं असंच कमरेच्या पुढे लटकतं, आणि ते पडू नये म्हणून पाठीचे स्नायू मागून ओढून धरतात. थोडा वेळ वाकलात तर काही बिघडत नाही, पाठ वाकण्यासाठीच आहे. पण दिवसभर, एकाच कोनात, न हलता? आणि त्यात खालचा ताका हात लांब करून ओढायचा आणि तिथल्या तिथे वळायचं?"

"बाई, पडतंय हो!" आत्या ओरडली, आणि पिल्लू खरोखरच तिच्या हातातून फरशीवर आदळलं.

जुनी खोळ. शिवण टराटर उसवली. आतून काळसर लाकडाचा ठोकळा बाहेर आला आणि गडगडत माझ्या पायाशी येऊन थांबला.

त्याच्या एका टोकाला दोन गोल खाचा होत्या.

मित्रांनो, आपला हरवलेला भाग आपल्याच पाठीवर बसून होता, हे कळल्यावर कोणाला काय वाटेल, तुम्हीच विचार करा. सगळ्या घराने त्यांना पिल्लं म्हटलं होतं. ती माझी होती.

मास्तर गुडघ्यावर बसले. त्यांनी ठोकळा उचलून माझ्या पायाजवळ धरला. लाकडाच्या रेषा पायातून निघून ठोकळ्यात उतरत होत्या, कापडाच्या दोन तुकड्यांची नक्षी जुळावी तशा. त्यांनी टाके उसवून दुसरी खोळ उघडली, मग तिसरी, मग चौथी.

"हे टेबल उंच होतं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "बाबांनी कापलं. त्यांनी ठरवलेली उंची म्हणजे... त्यांचं स्वतःचं माप होतं ते. नुसतं त्यांचं माप."

"आणि तू विटा लावू देईनास," आत्या म्हणाली, पण टोमणा मारताना तिने डोळे पुसले.

थोरल्या मास्तरांनी ते तुकडे का जपले होते? आत्याचं म्हणणं, पुढे घरात कोणी उंच निघेल हे त्यांना ठाऊक होतं. मला तसं काही सांगता येणार नाही. लाकूड जड होतं, कापड दाबायला चांगलं होतं, कारण एवढंच असेल. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली होती. त्या माणसाने स्वतःला टेबलाच्या मापात बसवायचं नाकारलं होतं, आणि कापण्याआधी स्वतःचं माप घेतलं होतं. ज्याच्यावर मी जन्मभर रुसलो, त्या एकट्यानेच माझ्याशी नीट वागायचं कसं ते दाखवलं होतं. घरच्यांनी त्याचं माप देवासारखं जपलं आणि माप घेणं तेवढं विसरले. तेही टेलरच्या घरात!

मास्तर उठले. त्यांनी गळ्यातला टेप काढला.

"शिडे, इकडे ये. सरळ उभी राहा. हात कोपरात वाकव."

"पप्पा, मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गप्प उभी राहा. माप घेताना हलायचं नाही, एवढी अक्कल नाही का आली अजून?"

टेपचं एक टोक तिच्या कोपराला लागलं, दुसरं जमिनीला. थोरल्या मास्तरांनंतर माझ्यासाठी असं माप कोणी घेतलं नव्हतं.

सुतार आला. मला पुन्हा उलटं केलं, पुन्हा तीच फरशी, आणि खरं सांगतो, भीतीही तीच. पण या वेळी आवाज करवतीचा नव्हता. पायांत लाकडी खुंट्या बसल्या, माझे तुकडे माझ्यावर चढले. मला सरळ केलं तेव्हा जग खाली सरकलं. तरी शिडीसाठी मी थोडा कमीच पडत होतो, म्हणून पैंजणांखाली आणखी जाड चकत्या आल्या. आत्यासाठी एक बुटका लाकडी चौथरा बनवला. ती त्याच्यावर चढली आणि शिडीच्या खांद्यावर कोपर टेकून म्हणाली, "आता बोल, कोण बुटकं?"

ताके खालच्या फळीवरून निघून कमरेच्या उंचीच्या फळ्यांवर गेले. जड ताका आता अंगाशी धरूनच उचलतात, आणि वळायचं असेल तर आधी पावलं वळवतात. शिडी एका पायाखाली बुटका पाट घेऊन उभी राहते, मग पाय बदलते, मग कात्री ठेवून दुकानातल्या दुकानात चक्कर मारते. फिजिओबाईंनी सक्त सांगितलंय की टेबल कितीही मापाचं असलं तरी एकाच जागी गोठून उभं राहिलं तर पाठ कुरकुरणारच.

सगळं एका दिवसात बरं झालं असं मुळीच नाही. पहिल्या दिवशी शिडीने एक बाही बेतली आणि दमून बसली. एका सकाळी दुखणं पुन्हा आलं तेव्हा तिच्या डोळ्यांत जुनी भीती मला दिसली. तिने पट्ट्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि ती चालायला बाहेर पडली. परत आली तेव्हा घामाघूम होती, पण भिंत धरलेली नव्हती. लोकरीच्या कोटाची दुसरी बाही तिने त्या आठवड्यात लावली. मास्तरांची पाठ पूर्ण सरळ होईल असं वाटत नाही. पण गरम पाण्याची पिशवी आता ते सगळ्यांसमोर घेतात, पोटाचं नाव न सांगता.

आणि भिंत? भिंत उभी आहे. काका परवा आले होते, जागा मोजायला नव्हे, टेप लावून घ्यायला. "मास्तर," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "माझ्या काउंटरचं माप घ्याल का? साडूला सांगू नका."

मित्रांनो, एक हुरहूर मात्र आहे. पूर्वी शिडी वाकायची तेव्हा तिचा श्वास माझ्यावर पडायचा, तिची गुणगुण मला स्पष्ट ऐकू यायची. आता ती सरळ उभी असते. तिचा चेहरा लांब गेला, श्वास माझ्यापर्यंत पोचत नाही. तिचे तळवे येतात, पण हलके येतात. आधार मागत नाहीत, फक्त कापड सपाट करतात.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या घरातही माझे भाऊबंद असतील. तुमच्या आईचा ओटा असेल, वडिलांच्या कामाची जागा असेल, तुमचं शाळेचं बाक असेल. कोणी त्यांच्यावर वाकलेलं दिसलं, संध्याकाळी कमरेवर मूठ दाबताना दिसलं, तर तो नमस्कार आहे असं समजू नका. मी तीच समजूत किती वर्षं बाळगली! जवळ जा आणि विचारा, दुखतंय का? मग एक टेप आणा. एक टोक कोपराला लावा, दुसरं जमिनीला.

आणि माप देणाऱ्याला सांगा, हलू नकोस. फक्त तेवढाच वेळ. नंतर दिवसभर हलत राहा म्हणावं.